‘रिपोर्ट कधी मिळणार?’ : विद्यापीठाच्या एका क्लिनिकल ट्रायलमधील संमतीचे प्रकरण

या प्रकरणाची सुरुवात औषधाच्या एका डबीपासून झाली. भोर तालुक्यातील गावाहून येऊन पुण्यात धनकवडीला मुलाकडे राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एका काकूंच्या घरी देवघराशेजारच्या फळीवर ती डबी ठेवलेली होती. रात्रपाळी करून घरी आलेला मुलगा आईची मधुमेहाची गोळी शोधत असताना ती त्याच्या हाती लागली. डबीवर औषधाचे नाव नव्हते. एक क्रमांक होता आणि त्याखाली ‘केवळ क्लिनिकल ट्रायलच्या वापरासाठी’ असे छापलेले होते. त्याने आईला विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “दवाखान्यातून दिलीय. माझी चाचणी चालू आहे ना. रिपोर्ट यायचाय अजून.”

दुसऱ्याच दिवशी मुलाने रुग्णालयात लेखी तक्रार दिली. ‘माझ्या आईला न सांगता तिच्यावर प्रयोग चालू आहे’ एवढे एकच वाक्य त्यात होते. तो अर्ज संस्थेच्या नैतिकता समितीपुढे, म्हणजे बोलताना सगळे जिला एथिक्स कमिटी म्हणतात तिच्यापुढे आला. त्या समितीवर मी सामान्य नागरिक या नात्याने सदस्य आहे. शाळेत मराठी शिकवण्यात माझे आयुष्य गेले आणि औषधशास्त्रातले मला काही कळत नाही. कायद्याला समितीवर माझ्यासारखी व्यक्ती हवी असते ती याच कारणासाठी. काकूंच्या आणि त्यांच्या मुलाच्या परवानगीने मी हे लिहीत आहे. त्यांची, रुग्णालयाची आणि औषधाची ओळख पटेल असे तपशील मी वगळले किंवा बदलले आहेत.

ट्रायल नेमकी कशाची होती, हे आधी सांगितले पाहिजे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या पुष्कळ लोकांच्या तळपायांची आग होते, मुंग्या येतात आणि रात्री पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो. नसांना झालेल्या इजेमुळे हे घडते. त्यासाठी औषधे आहेत, पण ती सगळ्यांना पुरेशी लागू पडत नाहीत. दुसऱ्याच एका आजारासाठी अनेक वर्षे बाजारात असलेले एक स्वस्त औषध या त्रासावर उपयोगी पडते का, हे विद्यापीठातील डॉक्टरांना पाहायचे होते. नेहमीचे उपचार कोणाचेही थांबणार नव्हते. त्यांच्या जोडीला निम्म्या लोकांना हे औषध आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी मिळणार होती. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. तसे ठाऊक असेल, तर रुग्णाला बरे वाटण्याच्या आशेचा आणि डॉक्टरच्या अपेक्षेचा रंग निरीक्षणांवर चढतो. यादी सीलबंद असते. रुग्णाच्या जिवाशी गाठ पडली, तरच ती उघडून त्याची गोळी कोणती होती ते पाहता येते.

या ट्रायलचा प्रायोजक म्हणजे ते विद्यापीठच होते. ट्रायल सुरू करण्याची, तिचा खर्च उचलण्याची किंवा उभा करण्याची, ती नियमाने चालते की नाही हे पाहण्याची आणि काही बिघडले तर जबाबदारी घेण्याची कायदेशीर भूमिका ज्याची, तो प्रायोजक. नवे औषध विकायला काढणारी कंपनी बहुधा स्वतःच प्रायोजक असते. जुन्या औषधाचा नवा उपयोग शोधण्यात मात्र कंपनीला फारसा रस नसतो, कारण त्या औषधाचे पेटंट संपलेले असते, ते दहा ठिकाणी बनते आणि उपयोग सिद्ध झाला तरी नफा एकाच्या पदरात पडत नाही. असे प्रश्न विद्यापीठांनीच हाती घ्यावे लागतात. कोरोनाच्या काळात पुण्यातल्या घराघरांत ‘डेक्सा’ हा शब्द पोहोचला होता. डेक्सामेथासोन हे अनेक दशके वापरात असलेले स्वस्त औषध गंभीर कोविडमध्ये जीव वाचवते, हे ‘रिकव्हरी’ नावाच्या ज्या ट्रायलने दाखवले, तिचे प्रायोजक ऑक्सफर्ड विद्यापीठ होते. जून २०२० मध्ये तिचा निष्कर्ष जाहीर झाला. कृत्रिम श्वासावर असलेल्यांमध्ये मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांमध्ये सुमारे एक पंचमांशाने कमी झाले होते. ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही. हा फरक कितीही अनुभवी डॉक्टरला केवळ खाटेशेजारी उभे राहून कळला नसता. २,१०४ जणांना औषध दिले आणि नेहमीच्याच उपचारांवर असलेल्या ४,३२१ जणांशी त्यांची तुलना केली, तेव्हा तो कळला. औषध न मिळालेला गट कशासाठी असतो, असे मला कोणी विचारले तर मी हेच उदाहरण देते.

आता कायद्याची बाजू, कारण या प्रकरणाचे गांभीर्य तिथे आहे. भारतात औषधांच्या ट्रायलना ‘नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९’ लागू आहेत. आधीच मान्यता असलेल्या औषधाचा नवा उपयोग, नवी मात्रा, देण्याचा नवा मार्ग किंवा नवे रूप तपासायचे असेल आणि त्यातून निघणारे निष्कर्ष केवळ शैक्षणिक किंवा संशोधनाच्या कामी वापरायचे असतील, विक्रीची परवानगी मागण्यासाठी नव्हे, तर ती शैक्षणिक ट्रायल ठरते आणि तिला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागत नाही. नैतिकता समितीची मान्यता पुरेशी असते. कंपनीच्या ट्रायलला दोन दारे ओलांडावी लागतात, तर विद्यापीठाच्या अशा ट्रायलला एकच, आणि त्या दारावर आम्ही बसलेले असतो. समितीत किमान सात सदस्य असावेत, त्यांत एक सामान्य नागरिक, एक कायद्याचा जाणकार आणि किमान एक स्त्री असावी आणि निम्मे सदस्य तरी त्या संस्थेच्या बाहेरचे असावेत, असा नियम आहे. विद्यापीठ स्वतःच ट्रायल काढते, स्वतःच प्रायोजक असते आणि समितीही त्याच्याच आवारात भरते, म्हणून बाहेरच्या निम्म्या सदस्यांनी तिथे झोपून चालत नाही. या ट्रायलला मान्यता देताना, मला मान्य केलेच पाहिजे, आम्ही जागे नव्हतो. मराठी संमतीपत्र माझ्या हाताखालून गेले होते. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका दाखवून मी ते परत केले होते.

चौकशीसाठी समितीने काकूंना आणि मुलाला सकाळी अकरा वाजता बोलावले. काकू नायलॉनच्या पिशवीत सगळी फाइल घेऊन आल्या. दोन मिनिटे बोलल्या आणि त्यांचा आवाज ओढल्यासारखा होऊ लागला. आमच्या समाजसेविका ताईंनी विचारले, “काकू, सकाळी काय खाल्लं?” काकू म्हणाल्या, “काही नाही. चाचणीसाठी बोलावलंय म्हणून फोन आला होता, म्हणून उपाशी आले.” मधुमेहाची गोळी मात्र त्यांनी घेतली होती. ताईंनी धावत जाऊन साखरेचा चहा आणि पार्ले-जी आणले. पहिला अर्धा तास चौकशी थांबली, आणि खरे तर त्या अर्ध्या तासातच ती पूर्ण झाली.

फाइल निर्दोष होती. बारा पानी माहितीपत्रकाच्या प्रत्येक पानावर काकूंची सही होती, तारीख होती, डॉक्टरांची सही होती आणि एक प्रत त्यांना दिल्याची नोंदही होती. काकू चौथीपर्यंत शिकलेल्या असल्यामुळे त्यांना वाचता येत होते. न वाचता येणाऱ्यांसाठी लागणारा निःपक्ष साक्षीदार इथे नियमाने आवश्यक नव्हता. प्रत्येक खेपेला त्या वेळेवर आल्या होत्या आणि गोळ्या एकही न चुकवता घेतल्या होत्या. संशोधन समन्वयकाच्या नोंदींत त्यांच्या नावापुढे तीन वेळा ‘रुग्णाने अहवालाबाबत विचारणा केली, रक्ततपासणी सामान्य असल्याचे सांगितले’ असे लिहिलेले होते. ती मुलगी प्रामाणिकपणे उत्तर देत होती आणि काकू प्रामाणिकपणे प्रश्न विचारत होत्या. ‘चाचणी’ म्हणजे आपल्या पायांची कसली तरी तपासणी, ती लांबलेली आहे आणि तिचा रिपोर्ट आला की डॉक्टर खरे औषध सुरू करतील, तोवर या गोळ्या तपासणीचाच भाग आहेत, असे काकू धरून चालल्या होत्या.

यात काकूंची चूक नव्हती. मराठीत रक्ताची चाचणी असते, साखरेची चाचणी असते, शाळेत सहामाहीच्या आधी घटक चाचणी असते. या सगळ्यांत ज्याची चाचणी होते त्याचा निकाल लागतो. क्लिनिकल ट्रायलमध्ये चाचणी औषधाची असते आणि निकाल औषधाचा लागतो. माहितीपत्रकात ‘चाचणी’ हा शब्द तीसहून अधिक वेळा आला होता आणि ती कोणाची, हे एकदाही सांगितलेले नव्हते.

मग मी पत्रक घेऊन काकूंच्या शेजारी बसले आणि शाळेत वाचून घ्यावे तसे एकेक वाक्य त्यांच्याकडून वाचून घेतले. पहिल्याच ओळीत ‘विद्यापीठ पुरस्कृत’ असे होते. त्याचा अर्थ विचारला तेव्हा मुलगाच म्हणाला, “विद्यापीठाचा पुरस्कार मिळालेली.” निवडणुकीतला ‘पक्ष पुरस्कृत उमेदवार’ त्यालाही ठाऊक होता, पण दवाखान्याच्या कागदावर त्याला बक्षीसच आठवले, आणि बक्षीस मिळालेली गोष्ट चांगलीच असणार असे आईने धरले होते. ‘आपला सहभाग ऐच्छिक आहे’ या वाक्यावर काकू म्हणाल्या, “म्हणजे माझी इच्छा आहे, असं लिहून दिलंय मी.” नको म्हटले तरी उपचारात काही फरक पडणार नाही, हा त्या वाक्याचा खरा आशय त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. सर्वांत अस्वस्थ करणारा शब्द निघाला तो ‘नुकसानभरपाई’. काकूंच्या माहेरची जमीन धरणात गेलेली आहे. नुकसानभरपाई म्हटले की आधी आपले काहीतरी जाणार, हे त्यांनी आयुष्यात पाहिलेले होते. “ते वाचलं तेव्हा जरा भ्यायले,” त्या म्हणाल्या, “पण डॉक्टर इतके चांगले बोलत होते, कसं विचारायचं?”

डॉक्टर चांगले बोलत होते हे खरे आहे, आणि अडचण तिथेच आहे. आपल्याकडे रुग्ण डॉक्टरला ‘तुम्ही म्हणाल तसं’ असे म्हणतो, आणि तोच डॉक्टर जेव्हा संशोधक म्हणून समोर बसतो तेव्हा त्याच्या अंगावरचा कोट बदललेला नसतो. एरवी डॉक्टर औषध निवडतो ते समोरच्या माणसाकडे पाहून. ट्रायलमध्ये कोणाला काय मिळणार हे डॉक्टर ठरवत नाही, कोणीच ठरवत नाही, ते दैवावर सोपवलेले असते. हा एक फरक ज्याला कळला नाही त्याने कशाला संमती दिली, हे सांगता येत नाही.

समितीने त्या दिवशी तीन गोष्टी ठरवल्या. नवे रुग्ण घेणे थांबवायचे, पत्रक नव्याने लिहायचे आणि आधी सामील झालेल्या प्रत्येकाला ते समजावून सांगून पुन्हा संमती विचारायची. प्रमुख संशोधकांना हे जड गेले, पण त्यांनी विरोध केला नाही. उलट लिखाणाच्या बैठकींना ते स्वतः आले. पत्रक लिहिण्याचे काम समाजसेविका ताईंवर आणि माझ्यावर आले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो दोन ठिकाणी. एक म्हणजे औषध नसलेली गोळी. जुन्या पत्रकात ‘प्लासिबो’ होते, ते कोणालाच कळत नव्हते. ‘खोटी गोळी’ असे लिहिले तर फसवणुकीचा वास येतो. ‘साखरेची गोळी’ असे कोणीतरी सुचवले आणि समितीतले सगळे एकदम हसले, कारण वाचणारा प्रत्येक जण मधुमेही होता. ‘कोरी गोळी’ मला आवडले होते, पण वाचून दाखवल्यावर एका रिक्षावाल्या काकांनी विचारले की तिच्यावर काही लिहिलेले नसते का. अखेर कुठल्याही एका शब्दाचा हट्ट आम्ही सोडला आणि ‘दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी’ हे लांबलचक वर्णनच दर ठिकाणी वापरले. पत्रक त्यामुळे वाढले, पण प्रश्न विचारणे थांबले.

दुसरी जागा म्हणजे गट कसे पडतात ती. जुने ‘यादृच्छिक पद्धतीने विभागणी’ हे अर्थातच काढले. माझ्या मनात भिशी आली. भिशीत चिठ्ठी निघते, त्यात कोणाचा वशिला चालत नाही, आणि पेठांपासून वाड्यावस्त्यांपर्यंत ती सगळ्यांना माहीत आहे. मी ते वाक्य मोठ्या समाधानाने लिहून नेले. ताईंनी ते वाचले आणि म्हणाल्या, “बाई, भिशीत शेवटी सगळ्यांना रक्कम मिळते. हे वाचून लोक म्हणतील, आज नाही तर पुढच्या महिन्यात आपल्याला खरी गोळी मिळेल.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी ज्याला सोपे करणे म्हणत होते, ते खोटे आश्वासन होऊन बसले असते. त्या जागी आम्ही छापा-काटा घेतला: ‘तुम्हाला यांतली कोणती गोळी मिळेल हे नाणे उडवून ठरवल्यासारखे संगणक ठरवतो. डॉक्टर ठरवत नाहीत. शेवटपर्यंत तुम्हाला तीच गोळी मिळत राहील.’ तिसरे वाक्य ताईंचे आहे, आणि माझ्या मते ते पूर्ण पत्रकातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे.

‘चाचणी’ हा शब्द आम्ही शीर्षकातूनच काढला आणि ‘ट्रायल’ ठेवला. शुद्ध मराठीचा आग्रह आयुष्यभर धरलेल्या मला ते सोपे गेले नाही. पण जो शब्द ओळखीचा वाटून चुकीचा अर्थ सांगतो, त्यापेक्षा जो ऐकून माणूस ‘म्हणजे काय?’ असे विचारतो तो शब्द बरा. त्याखाली लिहिले: ‘ही तुमची तपासणी नाही. हे औषध उपयोगी आहे की नाही, याची ही परीक्षा आहे. ते अजून कोणालाच माहीत नाही. तुम्हाला फायदा होईलच असे नाही.’

नुकसानभरपाईच्या परिच्छेदासाठी संशोधकांना नीट उत्तर द्यावे लागले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. डॉक्टरांनी स्वतःहून सुरू केलेल्या संशोधनात ते डॉक्टर किंवा ती संस्थाच प्रायोजक ठरते आणि संशोधनामुळे इजा झाली तर उपचारांची व भरपाईची तजवीज संस्थेने करायची असते. कंपनी नाही म्हणून जबाबदारीही नाही, असे होत नाही. जुन्या पत्रकात ‘नियमानुसार’ या एका शब्दावर सगळे भागवले होते. नव्यात या गोळ्यांमुळे त्रास झाला तर इथेच मोफत उपचार होतील, इजा झाली तर विद्यापीठ पैसे देईल, रात्री-अपरात्री या फोनवर माणूस मिळेल, आणि आमच्याबद्दलच तक्रार असेल तर ती या दुसऱ्या फोनवर, नैतिकता समितीकडे करा, असे सरळ लिहिले. ट्रायलचा नोंदणी क्रमांकही मोठ्या अक्षरांत छापला. सीटीआरआय ही सरकारी नोंदवही २००७ पासून चालू आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच तिच्यात ट्रायलची नोंद करावी लागते. क्रमांक हाताशी असला की इंटरनेटवर कोणालाही ट्रायल कशाची, प्रायोजक कोण आणि किती लोकांवर, हे विनामूल्य पाहता येते. काकूंच्या मुलाने आमच्यासमोरच मोबाइलवर ते शोधले. आपल्या आईची ट्रायल तिथे उघड नोंदलेली आहे हे पाहिल्यावर त्याचा सूर पहिल्यांदा जरा खाली आला. “ती ऑक्सफर्डच्या लशीची झाली होती तशीच का ही?” असे त्याने विचारले. थोडी तशी, थोडी वेगळी, असे त्याला सांगावे लागले. ती कोविडवरची लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने शोधली असली तरी २६ ऑगस्ट २०२० रोजी पुण्यात जिची सुरुवात झाली, त्या भारतातील ट्रायलचे प्रायोजक सीरम इन्स्टिट्यूट आणि आयसीएमआर होते. लस बाजारात आणायची होती, त्यामुळे औषध नियंत्रकांची परवानगी लागली होती. शोध कोणाचा आणि प्रायोजक कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

नवे पत्रक सात पानांचे झाले. शेवटी सहीच्या आधी चार प्रश्न ठेवले: ही तपासणी कोणाची आहे, तुम्हाला कोणती गोळी मिळेल हे कोण ठरवते, मध्येच सोडले तर काय होईल, त्रास झाला तर काय कराल. उत्तरे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत द्यायची आणि समन्वयकाने ती जशीच्या तशी लिहून घ्यायची. उत्तर चुकले तर रुग्णाला नापास करायचे नाही. समजावणाऱ्याने पुन्हा समजावायचे.

काकूंना पुन्हा बोलावले तेव्हा फोनवर ‘जेवून या’ असे आवर्जून सांगितले होते. मुलगा सोबत होता, पण ताईंनी त्याला शेवटपर्यंत बोलू दिले नाही, कारण संमती काकूंची होती. काकूंनी चारही उत्तरे नीट दिली आणि मग ट्रायलमधून नाव काढायला सांगितले. कारण औषधाचे नव्हते. दर पंधरा दिवसांनी दोन बस बदलून यावे लागते. बसचे पैसे विद्यापीठ देते, पण सोबत येणाऱ्या मुलाचा खाडा पडतो, तो कोण भरून देणार, असे त्या म्हणाल्या. याला आमच्या कोणाकडेच उत्तर नव्हते. आतापर्यंत जमा झालेली त्यांची माहिती वापरायची का, असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “वापरा की. माझ्यासारख्या किती जणींचे पाय जळतात.” नेहमीचे उपचार त्याच डॉक्टरांकडे चालू राहतील, हे लिहून दिले.

उठताना त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली आणि डॉक्टरांना विचारले, “मग मला कोणती गोळी होती ते कधी कळणार?” डॉक्टरांनी सांगितले की सगळ्यांचे संपेपर्यंत ती यादी त्यांनाही उघडता येत नाही. काकू म्हणाल्या, “नंतर तरी सांगाल ना? हाच तर रिपोर्ट झाला माझा.” हा प्रश्न आमच्या सात पानांत कुठेच नव्हता. त्याच बैठकीत आम्ही पत्रकात आणखी एक वाक्य घातले: ‘ट्रायल पूर्ण झाल्यावर तुम्हाला कोणती गोळी मिळाली होती आणि औषध उपयोगी ठरले की नाही, हे तुम्हाला पत्राने मराठीत कळवले जाईल.’ काकूंचा धनकवडीचा पत्ता समन्वयकाने त्यांच्याकडूनच लिहून घेतला. मुलगा भाड्याची खोली बदलण्याच्या विचारात असल्यामुळे काकूंनी त्याखाली गावाकडचाही पत्ता लिहायला लावला.